शीड खडकावरचा नवरा

नवऱ्याला परत आणायचे, एवढाच त्या मोहिमेचा हेतू होता. थर्झा पेनिमनचा नवरा काल सकाळी एक खडक बघायला गेला, तो अजून परतला नव्हता!

तांड्याने प्लॅट नदीच्या काठी गाड्या सोडल्या होत्या. उत्तरेला, सपाट माळाच्या मधोमध, शीड खडक एकटा उभा होता. दुरून पाहिले तर थेट जहाजाचे शीड. ऑरेगनला निघालेला प्रत्येक माणूस आठवडेच्या आठवडे या खडकाची वाट बघत चालतो, कारण तो दिसला म्हणजे मैदान सरत आले आणि डोंगर जवळ आले. आणि तिथे पोचल्यावर त्या मऊ दगडावर आपले नाव कोरायचे, हा तर जणू कायदाच होऊन बसला होता.

“जेवायच्या आत येतो,” असे सांगून लिमन पेनिमन दोन सोबत्यांना घेऊन गेला. अंधार पडता पडता सोबती आले. लिमन नाही.

“तो अजून जरा वर चढत होता,” त्यातला एक डोके खाजवत म्हणाला. “म्हणाला, तुम्ही व्हा पुढं.”

“वर कशाला? खाली काय दगड संपला होता?” थर्झाने विचारले.

“भावाचं नाव शोधत होता. त्याच्या वर स्वतःचं कोरायचं म्हणत होता.”

थर्झाने कपाळावर हात मारून घेतला. भाऊ म्हणजे थोरला रॉयल! तीन वर्षांपूर्वी तो याच वाटेने पुढे गेला आणि ऑरेगनहून त्याने निरोप पाठवला की, शीड खडकावर जिथे कुणाचा हात पोचत नाही तिथे आपण नाव कोरले आहे. तेव्हापासून सासूबाईंनी ती गोष्ट येईल त्याला सांगितली होती. शेजाऱ्यांना, पाद्रीबुवांना आणि दररोज न चुकता लिमनला.

सकाळ झाली तरी माळावर कुणी दिसेना. कप्तान हिग्बी टोपी हातात घेऊन थर्झाच्या गाडीपाशी आला.

“बाई, मागच्या तांड्यात पटकी आहे. ती आपल्याला गाठायच्या आत पुढं सरकायला हवं. आजचा दिवस थांबतो मी. उद्या उजाडताच गाड्या हलतील. जो मागं राहील तो राहील.”

“आणि माझी गाडी कोण हाकणार?”

“आजवर कोण हाकत होतं?” कप्तान शांतपणे म्हणाला.

मिसुरी नदी ओलांडल्यापासून बैल थर्झानेच हाकले होते. लिमनला कुठे झरा बघायचा असे, कुठे बिळातून डोकावणारी रानखार, कुठे कुणाची समाधी. गाडी चालू असताना तो कधी गाडीपाशी असला तर लोक विचारीत, बरे आहे ना?

अन्सेल क्राउडरकडे तांड्यातला सर्वांत लांब दोर होता आणि डॉर्कस नावाचे खेचर होते. थर्झा त्याच्याकडे गेली.

“दोर नवा आहे, वहिनी,” तो दोरावरून हात फिरवत म्हणाला. “सेंट लुईसचा आहे.”

“त्याला काही होणार नाही.”

“नेणारे सगळे असंच म्हणतात.”

“क्राउडर, माझा नवरा तिथं वर मरून पडला असेल!”

“अहो, येतो ना मी. नाही कुठं म्हटलं? फक्त म्हटलं, दोर नवा आहे.”

ती पाण्याची पखाल घेऊन परतते तो सासूबाई डॉर्कसच्या पाठीवर बसलेल्या! तोंडात चिलीम, मांडीवर शाल.

“आई, तुम्ही कुठं?”

“मुलगा माझा आहे.”

“तुमचे गुडघे...”

“गुडघे खेचराचे वापरीन. चल, उगाच ऊन नको करूस.”

अशी ती मोहीम निघाली.

*

“हा काय, समोरच आहे,” क्राउडर म्हणाला. “अर्ध्या तासात पोचू.”

समोरच होता खरा! त्या कोरड्या, स्वच्छ हवेत खडकावरच्या चिराही मोजता येत होत्या. अर्धा तास झाला. खडक तेवढाच. एक उंचवटा चढून गेले, पलीकडे आणखी एक उंचवटा, आणि त्याच्या डोक्यावर तोच खडक, तेवढाच मोठा, जणू तोही यांच्यापुढे चालत होता. निवडुंगाचे काटे थर्झाच्या जुन्या बुटांतून आरपार जात होते. दर थोड्या वेळाने ती थांबून काटा उपटी आणि मनातल्या मनात नवऱ्याचा उद्धार करी.

“आता मात्र अर्धा तासच,” क्राउडर म्हणाला.

“तुम्ही जरा गप्प बसता का?”

“रॉयलनं म्हणे घोड्यावरून एका दमात गाठला होता,” वरून सासूबाईंचा आवाज आला.

थर्झाने दात आवळले.

मध्येच एक कोरडी घळ आडवी आली. उभ्या काठांची, तळाशी वाळू. डॉर्कसने काठावर पाय रोवले आणि मान हलवली. क्राउडरने चुचकारले, ओढले, शिव्या दिल्या. थर्झाने मागून ढकलले. सासूबाई काही उतरायला तयार नाहीत. शेवटी थर्झाने मक्याच्या रोटीचा तुकडा डॉर्कसच्या नाकापुढे धरला आणि स्वतः उलटी चालत घळीत उतरली. पाठीमागे काहीतरी खुळखुळले.

“हलू नका वहिनी!” क्राउडर ओरडला.

तिच्या टाचेपासून दोन हातांवर खुळखुळ्या साप वेटोळे घालून बसला होता. शेपूट थरथरत होती. थर्झा श्वास रोखून उभी राहिली. घाम डोळ्यांत उतरला. डॉर्कस मात्र रोटीवरच नजर ठेवून पुढे आली आणि तिच्या खुराखाली एक दगड गडगडत गेला. साप सरसर करीत वाळूवरून निघून गेला.

थर्झाने रोटी डॉर्कसला देऊन टाकली. भीतीपेक्षा तिला राग जास्त आला होता. दगडावर चार अक्षरे खरडण्यापायी हे सगळे!

घळीतून वर आल्यावर तिला पश्चिमेकडचे आभाळ दिसले. क्षितिजाला निळसर काळी कड आली होती.

“गारा आहेत त्यात,” क्राउडर म्हणाला, आणि पहिल्यांदाच अर्ध्या तासाची भाषा बोलला नाही.

*

दुपार कलल्यावर खडक एकदम जवळ आला. आता त्याचे शीड राहिले नव्हते. पिवळट मातीचा प्रचंड उतार, त्यावर मऊ दगडाची सरळसोट भिंत, आणि टोकाला दोन सुळक्यांमध्ये एक खाच. हात पोचेल तिथवर भिंत नावांनी भरली होती.

“थांबव, थांबव,” सासूबाई म्हणाल्या. “रॉयलचं नाव बघू दे.”

“आई! आधी जिवंत मुलगा शोधू!”

ती तोंडापुढे दोन्ही हात धरून ओरडली. “लिमन! लिमन!”

काही नाही. वारा. मग खूप वरून घोगरा आवाज आला.

“थर्झा? कॉफी आणलीस का?”

ती मातीतच बसली. तो जिवंत होता! आणि लगेच रागाने तिचे कान तापले.

“कॉफी? कॉफी हवी तुम्हाला? खाली या, देते कॉफी!”

“तेच तर होत नाही ना!”

आता तो दिसला. भिंतीच्या वरच्या भागात, गावच्या चर्चची घंटा असते तेवढ्या उंचीवर, एका अरुंद कंगोऱ्यावर, भिंतीला पाठ टेकून लिमन उभा होता. चाकूने एकेक पायरी कोरत तो तिथवर चढला होता. उतरायला पाय टाकला तो खालच्या पायऱ्या बिस्किटासारख्या तुटल्या. चाकू हातातून पडला. रात्रभर तो तसाच, कधी बसून, कधी उभा.

“झोपलो नाही गं! झोपलो असतो तर पडलो असतो!”

“फार उपकार झाले!”

“चिडू नकोस ना!”

“मी चिडलेली नाही!” थर्झा इतक्या जोरात ओरडली की भिंतीवरच्या पाकोळ्या थव्याने उडाल्या.

“लिमन,” सासूबाईंनी खेचरावरून विचारले, “रॉयलचं नाव सापडलं का रे?”

पश्चिमेकडे ढग गडगडले.

क्राउडरने भिंतीभोवती एक चक्कर मारली आणि धापा टाकत आला. “मागच्या बाजूला एक चीर आहे. उभीच आहे, पण वरच्या खाचेपर्यंत जाते. खाच त्याच्या डोक्यावरच येते. तिथून दोर सोडायचा, दुसरं टोक खाली डॉर्कसला बांधायचं. ती चालू लागली की हा वर खाचेत येईल. मग दोघांनी चिरेतून उतरायचं.”

“मग चढा ना!”

त्याने स्वतःच्या पोटाकडे पाहिले. “चीर माझ्या मापाची नाही, वहिनी.”

दोघांनी सासूबाईंकडे पाहिले आणि लगेच नजर वळवली.

“बघत काय बसलीस?” सासूबाई खाली उतरत म्हणाल्या. “तो घागरा काढ आधी. पायात येईल. आतला परकर पुरे. इथं कोण बघतंय? क्राउडर, तिकडं तोंड करा!”

*

दगड एकदा भिजला की साबणासारखा होतो, हे तांड्यातल्या लहान पोरालाही ठाऊक होते. म्हणजे जे करायचे ते पावसाच्या आत!

थर्झाने कमरेला दोर बांधला, घागरा गुंडाळून गळ्यात अडकवला आणि क्राउडरची हातकुऱ्हाड घेतली. चिरेत शिरली. एका भिंतीला पाठ, दुसरीला पाय. कुऱ्हाडीचा घाव. खाच. पाय वर. पुन्हा घाव. वरून मातीचा भुगा डोळ्यांत, तोंडात, झंपरात. मध्येच पायाखालचा तुकडा निसटला आणि ती हातभर घसरली. कोपर सोलून निघाले. खालून क्राउडर ओरडला, “दोर सांभाळा!”

“दोर?” ती किंचाळली.

“म्हणजे तुम्हीही!”

खाली बघायचे नाही, असे तिने ठरवले होते. तरी एकदा बघितले. सासूबाई मान मागे टाकून उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडातली चिलीम विझली होती. त्या काहीच बोलत नव्हत्या. तिला ते सर्वांत भीतिदायक वाटले.

घाव. पाय. घाव. पाय. आणि एकदम वारा! ती खाचेत आली होती. दोन्हीकडे आभाळ. खाच घोड्याच्या खोगिराएवढीच, तिच्यावर ती पाय टाकून बसली. पलीकडे खाली लिमनचे डोके दिसले. केसांत पिवळी धूळ, ओठ फुटलेले, आणि चेहऱ्यावर ते तिच्या ओळखीचे, अपराधी हसू.

“थर्झा, तू? तू वर आलीस?”

“नाही, कप्तान हिग्बी आलाय. दोर धरा!”

दगडाच्या धारेने दोर कापू नये म्हणून तिने घागरा घडी घालून खाचेवर ठेवला आणि त्यावरून दोर सोडला. दोर लोंबला, फिरला, थांबला. लिमनने हात वर केला. पोचेना! टाचा उचलल्या. तरी हातभर कमी.

“क्राउडर! दोर कमी पडतोय!”

“कसा पडेल? नवा आहे!”

“लगाम जोडा!”

खाली थोडी वादावादी झाली. मग दोराचे टोक लगामाला जोडले गेले, लगाम डॉर्कसच्या खोगिराला, आणि दोर आणखी थोडा खाली सरकला. लिमनने तो काखेखालून बांधला. पहिला टपोरा थेंब थर्झाच्या हातावर आपटला. मग दुसरा. मग कबुतराच्या अंड्याएवढी गार!

“आता हळूहळू!” ती ओरडली. “क्राउडर, हळू...”

कडाडकन वीज पडली. माळावर कुठेतरी, पण इतक्या जवळ की हवेला जळका वास आला. आणि डॉर्कस उधळली!

दोर सणकन ताणला. लिमन विहिरीतल्या बादलीसारखा वर आला, भिंतीवर आपटत, हातपाय झाडत. घागऱ्यातून धूर निघू लागला. खाली क्राउडर खेचरामागे पळत होता, “डॉर्कस! डॉर्कस!” लिमनचे डोके खाचेत आले, खांदे आले, तरी दोर थांबेना. आता तो खाचेवरून पलीकडे फेकला जाणार! थर्झाने कुऱ्हाड टाकली, एक पाय सुळक्याला लावला आणि दोन्ही हातांनी नवऱ्याला मिठी मारली. दोराने तिचे मनगट चिरले.

“लिमन! सोडू नकोस! धर! मूर्खा, धर मला!”

एक झटका बसला. आणखी एक. मग दोर सैल पडला.

खाली सासूबाईंनी डॉर्कसच्या तोंडावर शाल टाकली होती आणि तिच्या मानेला लोंबकळत होत्या. पाय जमिनीवरून उचललेले. खेचर आंधळे होऊन जागच्या जागी थरथरत उभे राहिले.

दोघे खाचेत घोड्यावर बसल्यासारखे एकमेकांकडे तोंड करून बसले होते. गारा पाठीवर ताडताड आदळत होत्या.

“तू मला ‘तू’ म्हणालीस,” लिमन म्हणाला.

“आणि मूर्ख म्हणाले. ते पण ऐकलंत ना?”

लिमन हळूच म्हणाला, “नाव नाही गं कुठंच. अंधारेपर्यंत शोधलं. खाली नाही, म्हणून वर आलो. इथं नाही, म्हणून आणखी वर. थोडं वर असेल, थोडं वर असेल... तो कधी चढलाच नाही, थर्झा. कुणीच चढलेलं नाही इथवर.”

तीन वर्षे रोज ऐकलेले ते नाव!

लिमनची नजर तिच्या मांडीशी अडकलेल्या कुऱ्हाडीवर गेली. समोर सुळक्याचा कोरा, गुळगुळीत दगड होता. माणसाच्या हाताचा एक ओरखडा नाही त्यावर.

“एकच मिनिट,” तो म्हणाला. “फक्त माझं नाव.”

थर्झाने त्याच्याकडे बघितले. ओरडायलाही आता तिच्यात बळ नव्हते. तिने कुऱ्हाड उचलून त्याच्या हातात दिली. “कोर. मी उतरते. पाऊस वाढला की या चिरेत पाय ठरणार नाही.”

तिने चिरेत पाय सोडला. तिचे पाऊल ओल्या दगडावरून सटकले. लिमनने तिचा दंड पकडला. क्षणभर तो तिच्या रक्ताळलेल्या मनगटाकडे बघत राहिला.

“थांब,” तो म्हणाला. “मी पुढं होतो.”

आणि तो तिच्या आधी चिरेत उतरला. घाव घालून त्याने पायरी खोल केली, तिचे पाऊल हाताने धरून त्यात ठेवले, मग खालची पायरी खोदली. तिची प्रत्येक खाच त्याने पुन्हा कोरली, दुप्पट खोल. वरून गारांचे पाणी धारेने येत होते, पिवळे, चिकट. दोघेही गुडघ्यापर्यंत चिखलाने माखले. चीर पाण्याने भरून वाहू लागली तेव्हा ते जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर होते.

“उडी मार!” खालून सासूबाई ओरडल्या. “माती भिजलीय, मऊ आहे!”

दोघांनी उडी मारली. मऊ होती.

*

गारा ओसरल्या, पण सकाळची ती कोरडी घळ आता तांबूस पाण्याने फेसाळत होती. क्राउडरने दोराचे एक टोक कमरेला बांधले, डॉर्कसची शेपूट धरली आणि पहिल्यांदा तो गेला. पाणी त्याच्या छातीला लागले. पलीकडे पोचल्यावर त्याने दोर खडकाला गुंडाळला. मग सासूबाई, लिमनच्या पाठुंगळी. मध्यावर लिमनचा पाय सुटला आणि दोघे पाण्याखाली गेले! थर्झा दोर धरून मागेच होती. तिने हाताला लागली ती शाल ओढली, शालीच्या टोकाला सासूबाई होत्या, आणि सासूबाईंच्या मुठीत लिमनची कॉलर. तिघे खोकत, थुंकत काठावर आले.

“दोर ताणला गेला,” क्राउडर दोर बोटांत चाचपत म्हणाला. “आता हा पूर्वीचा नाही राहिला.”

सासूबाईंनी शाल पिळली.

शेवटच्या उंचवट्यावर आले तेव्हा सूर्य टेकला होता. खाली नदी, नदीकाठी गाड्यांचे रिंगण, गोवऱ्यांचा निळा धूर. कुणीतरी हात हलवत होते. सगळे थांबले. लिमनचे बूट फाटून तळवे उघडे पडले होते. तो एका पायावर उभा होता.

“आता सांग,” सासूबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. “रॉयलचं नाव होतं ना तिथं?”

आयुष्यात एकदा तरी हा माणूस जिंकणार होता. सांगा, सांगून टाका!

लिमनने धुळीने भरलेल्या पापण्या पुसल्या. “होतं आई. अगदी वर. मोठ्या अक्षरात.”

थर्झाला ओरडावेसे वाटले. एवढ्यासाठी मी सोलून निघाले? एवढ्यासाठी? तिने तोंड उघडले, पण सासूबाई आधी बोलल्या.

“खोटं बोलतोस,” त्या म्हणाल्या. “तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. ते रॉयलला येतं.”

मग त्या ओला घागरा सावरत, कण्हत, क्राउडरचा खांदा धरून डॉर्कसवरून खाली उतरल्या.

“बस हिच्यावर,” त्या लिमनला म्हणाल्या. “पाय बघ तुझे. उद्या गाडी हाकायचीय तुला.”

“मी?” लिमन म्हणाला.

“मग कोण? हिचं मनगट बघितलंस?”

तो डॉर्कसवर बसला. सासूबाईंनी आपला हात थर्झाच्या कोपरात अडकवला, सोललेल्या बाजूला नव्हे, दुसऱ्या, आणि गुडघ्यांना शिव्या देत त्या उतरणीला लागल्या.